जामीनदाराची सही

बँकेत तीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. काहीही वाचताना तो आधी व्याजाचा दर शोधतो. न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीविषयी वाचताना माझंही तेच झालं. दर सापडला. शून्य टक्के!

१८८१ नंतर रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले. तेव्हापासून १९२४ मध्ये अमेरिकेनं कायद्यानं दार जवळजवळ लावून घेईपर्यंत पूर्व युरोपातले सुमारे वीस लाख ज्यू बोटींनी तिकडे गेले. त्यांतले कितीतरी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये दाटीवाटीनं राहिले. हेस्टर स्ट्रीटवर हातगाड्यांची रांग लागे. गाडी बहुधा रोजाच्या भाड्याची.

मदत करणारे नव्हते असं नाही. आधी येऊन स्थिरावलेल्या सधन ज्यूंची ‘युनायटेड हिब्रू चॅरिटीज’ ही संस्था १८७४ पासून होती. पण मदतीआधी चौकशीला माणूस घरी यायचा. घरात काय आहे, काय नाही ते बघायचा. पोटाला मिळायचं, पण मान खाली जायची.

१८९२ मध्ये त्याच वस्तीतल्या काही मंडळींनी ९५ डॉलर जमवून ‘हिब्रू फ्री लोन सोसायटी’ काढली. सुरुवातीची कर्जं पाच ते पंचवीस डॉलरची. शिवणयंत्र घ्या, गाडीवर माल भरा आणि आठवड्याच्या हप्त्यानं फेडा. व्याज नाही, दागिना गहाण नाही, फक्त जामीनदाराची सही. घेणारा ज्यूच हवा, अशीही अट नव्हती. मग खर्च कशातून भागायचा? (हा प्रश्न माझ्यातल्या बँकवाल्याचा.) देणग्यांतून. जपानला १९०४-०५ च्या युद्धासाठी कर्ज उभारून देणारा जेकब शिफ हा बडा सावकारही देणगीदारांत होता. आणि बुडीत रक्कम? अगदी नगण्य. आमच्या शाखेचा थकबाकीचा तक्ता आठवून मी दोनदा वाचलं.

यामागं जुनी शिकवण आहे. गरजवंताला दिलेल्या कर्जावर व्याज घेऊ नये, असं तोरा सांगतो. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या पंडितानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यांत वरची कुठली? हातावर भीक ठेवण्याची नव्हे. कर्ज द्या, भागीदारीत घ्या, काम द्या. त्याच्यावर पुन्हा हात पसरायची वेळ येऊ नये.

१९८० च्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. भाजी विकणारी एक बाई हातगाडीसाठी कर्ज मागायला आली. जामीनदार म्हणून शेजारच्या दोन भाजीवाल्या घेऊन आली होती. मी म्हणालो, ‘‘बाई, जामीनदार पगारदार लागतो.’’

‘‘साहेब, पगारदार माझ्या वळखीचा असता तर तुमच्याकडं कशाला आले असते?’’

नियम माझा नव्हता, पण अर्जावर लाल शाईनं शेरा मारणारा हात माझाच होता. तिनं पुढं सावकाराकडून पैसे घेतले. सकाळी नव्वद हातात, संध्याकाळी शंभर परत. बदली होईपर्यंत मी तिच्याकडूनच भाजी घेत असे, घासाघीस न करता. एकदा तिनं सुट्टे नसताना मला चार आणे सोडले. ‘‘द्या उद्या,’’ म्हणाली. जामीनदार मागितला नाही.