भूरसायनाचे दप्तर

डब्लिनच्या उत्तरेस, विमानतळाच्या पलीकडे वसलेल्या स्वोर्ड्स या गावी येणाऱ्या पाहुण्याला मध्ययुगीन किल्ला आणि संत कोलंबाच्या चर्चचा गोल मनोरा आवर्जून दाखविला जातो; परंतु जवळच्याच फेल्ट्रिम टेकडीचा जो चुनखडक सुमारे 35 कोटी वर्षांपूर्वी उष्ण सागराच्या तळाशी साचला, आणि ज्याच्या जातीच्या थरांतच दूर टिपरेरी परगण्यातील लिशीनचे जस्त-शिशाचे धातुक सापडले, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या लिशीनची मालकी 2011 पासून 2015 साली खाण बंद होईपर्यंत भारतीय उद्योगपती अनिल अग्रवाल यांच्या वेदांत समूहाकडे होती, हे मराठी वाचकाने ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

याहून मोठी कथा स्वोर्ड्सच्या वायव्येस सुमारे 40 किलोमीटरवरील नॅव्हनची. तेथे 1970 साली उघडकीस आलेला साठा युरोपातील सर्वांत मोठ्या जस्तसाठ्यांत गणला जातो, आणि त्याचा माग प्रथम लागला तो वरवरच्या मातीतील जस्त व शिसे यांचे प्रमाण आसपासच्या मानाने वाढलेले आढळल्यामुळे. धातुक भूपृष्ठाजवळ आले, की हवा आणि पाणी त्याचे विघटन करतात. सुटलेले अंश चिकणमातीला आणि लोह-मँगनीजच्या लेपांना चिकटून राहतात, काही ओढ्यांच्या बारीक गाळातून खाली वाहत जातात, आणि म्हणून गाळाचा नमुना घेणारा मनुष्य वस्तुतः वरच्या साऱ्या पाणलोटाचीच विचारपूस करीत असतो.

या विचारपुशीची उत्तरे मात्र सरळ मिळत नाहीत. हिमयुगातील बर्फाने आयर्लंडवर जी सरमिसळ माती पसरली, तिच्यातील धातूचा अंश मूळ स्थानापासून बर्फाच्या वाटेने दूर सरकलेला असतो. दलदलीचे पीट आणि मँगनीजचे लेप धातू शोषून घेऊन खोटी आशा निर्माण करतात. आणि जुन्या वस्तीजवळ मनुष्याचा हातही मातीत उतरलेला असतो. डब्लिन शहरातील हजाराहून अधिक ठिकाणच्या मातीची जी तपासणी झाली, तीत जुन्या मध्यवस्तीकडे शिशाचे प्रमाण वाढलेले दिसले; त्याचा अर्थ तेथे खाण काढावी असा नव्हे, तर कोळसा, रंग आणि वाहने यांचा इतिहास मातीत मुरला आहे, असा होतो. वाढलेला आकडा म्हणजे धातुक नव्हे, ही समज ज्याच्या अंगी मुरली नाही, त्याच्या हाती नकाशा देणे धोक्याचे आहे.

म्हणूनच माझ्या मते भूरसायनाच्या या विद्येचा खरा कस आकडे वाचण्यापूर्वी, ते निर्माण करण्यातच लागतो. आयर्लंडच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'टेलस' पाहणीत साधारणतः दर 4 चौरस किलोमीटरला मातीचा एक नमुना घेतात; तोही एका खड्ड्यातला नव्हे, तर 20 मीटर बाजूच्या चौकोनाचे चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागी गिरमिटाने काढलेली माती एकत्र करून. नमुन्यांचे क्रमांक हेतुपुरस्सर विस्कळीत ठेवतात, म्हणजे प्रयोगशाळेच्या यंत्रात दिवसागणिक पडणारा फरक नकाशावर भूस्तराचे सोंग घेऊन उभा राहत नाही. त्यांतच जोडनमुने आणि ज्ञात घटकांचे प्रमाणनमुने मिसळलेले असतात. त्यांचे आकडे जुळले नाहीत, तर सारी तुकडी पुन्हा तपासावी लागते. हा खटाटोप वाचकाला कंटाळवाणा वाटेल, पण पुढचा प्रत्येक निष्कर्ष याच्याच भरवशावर उभा असतो.

आकडे हाती आल्यावरही सावधगिरी सुटत नाही. मातीतील घटकांची बेरीज नेहमी शंभर टक्केच होणार, त्यामुळे एक वाढला की दुसरा आपोआप घटल्यासारखा दिसतो. हे कोडे स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञ जॉन एचिसन यांनी 1980 च्या दशकात घटकांच्या गुणोत्तरांचे लॉगॅरिदम घेऊन सोडविले. शिवाय सोन्यासाठी आर्सेनिक आणि अँटिमनी यांच्यासारखे मार्गदर्शक घटक पाहावे लागतात, कारण सोने स्वतः इतके विरळ आणि कणाकणाने विखुरलेले असते, की एका नमुन्यात सापडते आणि शेजारच्यात सापडत नाही. याही पलीकडे खोलीची मर्यादा आहेच: नॅव्हनजवळचा 'तारा डीप' हा खोलवरचा साठा मातीने सांगितला नाही, त्याचा सुगावा भूकंपलहरींच्या तंत्राने लागला.

आपल्या देशाशी आयर्लंडच्या या सर्वेक्षणाचे नाते जुने आहे. 1851 साली कलकत्त्यास येऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची घडी बसविणारे टॉमस ओल्डहॅम हे डब्लिनचे, आणि त्यापूर्वी आयर्लंडच्याच सर्वेक्षणाचे प्रमुख. आज भारतीय खात्याची राष्ट्रीय भूरासायनिक पाहणी ओढ्यांच्या गाळाचे नमुने किलोमीटरच्या चौकटींनी गोळा करते. खात्याच्या मध्य विभागाची कचेरी नागपुरास आहे, आणि विदर्भातील मँगनीजचा नागपूर-भंडाऱ्याचा पट्टा व चंद्रपूरचे ताम्रधातुक तिच्याच मुलखात येतात. डिसेंबर 2023 मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय भूविज्ञान माहितीसंग्रह सर्वांसाठी खुला केला. 'टेलस'चे आकडेही विनामूल्य मिळतात. आपल्या महाविद्यालयांतील भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरती खनिजांची नावे घोकण्याऐवजी आपल्या जिल्ह्याची पत्रके उतरवून घ्यावीत, प्रत्येक वाढलेल्या आकड्याची कारणे तपासावीत, आणि आपले निष्कर्ष मराठीत लिहावेत, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.