शेणैमामाची शाळा : जिथे इयत्ता नव्हती

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका तरुण शिक्षिकेने विचारलं, "चार इयत्ता, मूठभर मुलं, एक खोली आणि मी एकटी. याला शाळा म्हणायचं का?" तिच्या शाळेचा पट घटतोय, विलीनीकरणाची टांगती तलवार आहे. तिथे मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून हे टिपण.

मी चोपड्याचा. माझं चौथीपर्यंतचं शिक्षण अशाच एका खोलीत झालं. गोवा मुक्त झाल्यावर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतल्या कित्येक एकशिक्षकी होत्या. मास्तर चौथीला अफजलखान शिकवत तेव्हा आम्ही दुसरीतले गणितं सोडवायचं सोडून तिकडेच कान लावून बसलेलो. चौथीत पोचलो तेव्हा तो धडा निम्मा पाठच होता.

पण याची मुळं त्याहून जुनी आहेत. १७८८ साली पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेलं. राज्य बदललं, तरी घरोघरचे हिशेब आणि खतं मोडीतच लिहिली जात होती. ते लिहिता-वाचता यावं म्हणून घराच्या ओसरीवर, देवळाच्या मंडपात किंवा अग्रशाळेत शेणैमामाची शाळा भरायची. महाराष्ट्रातल्या पंतोजीचाच हा गोव्यातला भाऊबंद. मोबदला बहुधा तांदूळ-नारळांत, शिवाय जेवणाखाण्याची सोय.

या शाळेत इयत्ता हा प्रकारच नव्हता. मूल कुठवर आलंय ते त्याच्या हातातल्या वस्तूवरून कळायचं. नवं पोर धूळपाटीवर: लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, पुसायचं, परत काढायचं. हात वळला की बाराखडी, मग जोडाक्षरं. पुढे बोरू, शाई, कागद आणि मोडीचं वळण. शेवटी पत्रांचे मायने आणि हिशेब. कुणी ही वाट झपाट्याने चालायचा, कुणी वर्षभर धुळीतच रमायचा. त्याला 'नापास' म्हणण्याची सोयच नव्हती. मामा एकेकाला जवळ बोलावून धडा म्हणून घ्यायचे. पक्का असला तर पुढचा, नसला तर तोच. तोवर बाकीच्यांकडे मोठी मुलं बघायची. धाकट्याचा हात धरून अक्षर गिरवून घेणं हा थोरल्याच्या शिक्षणाचाच भाग होता.

संध्याकाळी मात्र सगळे एकत्र, परवचा म्हणायला. पाढे तर होतेच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीसुद्धा. आज हे पाठांतराचं वेड वाटेल. पण २० कुडवांची खंडी आणि १६ टंगांचा रुपया असलेल्या बाजारात सव्वा-दीडचा हिशेब तोंडी यायलाच हवा. धुळीत अक्षर काढणाऱ्या पोराच्या कानावर औटकी रोज पडत होती. त्याची वेळ येईपर्यंत चाल ओळखीची झालेली असायची. माझ्या मते मिश्र वयाच्या शाळेचं खरं बळ हेच: शिकवणं एकेकट्याचं, ऐकणं सगळ्यांचं.

अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख होता. तिथे त्याने देशी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना पाहिली. ती रीत उचलून त्याने थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवायची पद्धत बसवली आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं. इंग्लंडात ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. तिकडे मात्र एका शिक्षकामागे शेकडो मुलं बसवली गेली आणि मामांचं एकेकाला जवळ बोलावणं तेवढं गळून पडलं!

जुन्या शाळेचे गोडवे गाऊन थांबणं मात्र खोटेपणा होईल. ओसरीवर मुली अपवादानेच बसल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नसत, त्यांच्या मुलांना तिथल्या मंडपातली शाळा कुठली? छडी होती, अर्थ न कळता घोकणं होतं. मुक्तीनंतरच्या एकखोली शाळेने दार सगळ्यांना उघडलं, हे तिचं मोठेपण. पण तिने इयत्ताही आणली. एका खोलीत चार इयत्ता म्हणजे उणीव, असं तेव्हापासून आपण धरून चाललो.

शापोराच्या पलीकडे शिवोली. पूर्वी फेरीबोटीची वाट बघावी लागायची. आता पुलावरून मुलं सकाळी गाडीत बसून पलीकडच्या मोठ्या शाळांत जातात. पालकांना दोष देणार नाही, माझी नातवंडंही त्याच गाडीत असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले आहेत. त्या शिक्षिकेला आधी तो दुसरा माणूस मिळू दे. मिळेपर्यंत, बाई, तिसरीतल्याला पहिलीतल्याशेजारी बसवायला घाबरू नका. आणि पाढे सगळ्यांचे एकत्रच घ्या.

एक विनंती. पेडणे-डिचोलीत कुणाच्या माळ्यावर धूळपाटी किंवा मोडीचे कित्ते असतील तर मंडळाला कळवा. पाटी मिळाली तर कृपा करून धुऊ नका, आहे तशी फडक्यात गुंडाळून ठेवा.