नवा प्रोसेसर आला. सॉफ्टवेअर मागाहून येणार

करंजा (उरण), प्रतिनिधी – संगणक घेताना ग्राहक प्रोसेसरची पिढी विचारतो, वेग विचारतो, किंमत कमी करून घेतो. आपले रोजचे काम या यंत्रावर चालेल काय, हा प्रश्न मात्र बहुधा बिल झाल्यावरच उपस्थित होतो. करंजासारख्या मासेमारी बंदरात हे काम म्हणजे मच्छीमार संस्थेचा हिशेब, बोटींच्या डिझेलवरील कर-परताव्याचे प्रस्ताव, परवान्यांचे अर्ज आणि लग्नसराईत पत्रिकांचे टंकलेखन. पनवेलच्या बाजारातून आणलेले यंत्र सुरू तर होते; पण वर्षानुवर्षे हाताखालचे मराठी सॉफ्टवेअर उघडत नाही, नाहीतर जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ओळखला जात नाही. मग दुकानदार कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनी सॉफ्टवेअर बनविणाऱ्याकडे, आणि तो पुढच्या आवृत्तीकडे.

हा गोंधळ समजून घ्यायचा तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. प्रोसेसरला ठराविक आज्ञांचीच भाषा कळते. त्या भाषेत त्याच्याशी बोलण्याचे काम विंडोजसारखी कार्यप्रणाली करते. प्रिंटर, स्कॅनर यांना जोडून घेणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. आणि या सर्वांच्या वर आपण वापरतो ते सॉफ्टवेअर. हे थर निरनिराळ्या कंपन्या तयार करतात. प्रोसेसर बाजारात आला म्हणून बाकीच्यांनी त्याच दिवशी तयार असावे, असे बंधन कोणावरही नसते.

प्रतीक्षेचा हा इतिहास जुना आहे. एएमडी कंपनीने २००३च्या सप्टेंबरमध्ये घरगुती ग्राहकांसाठी ६४ बिटचा अ‍ॅथलॉन ६४ प्रोसेसर आणला. त्याचा पूर्ण उपयोग करणारी विंडोज एक्सपीची ६४ बिट आवृत्ती आली ती एप्रिल २००५ मध्ये. तोवर पैसे ६४ बिटचे आणि काम ३२ बिटचे! आवृत्ती आल्यावरही अनेक प्रिंटर-स्कॅनरांचे ड्रायव्हर नव्हतेच. पुढे जानेवारी २००६ मध्ये अ‍ॅपलने मॅक संगणकांत इंटेलचे प्रोसेसर घालण्यास प्रारंभ केला. छपाई आणि जाहिरात व्यवसायाचा प्राण असलेले फोटोशॉप नव्या प्रोसेसरसाठी एप्रिल २००७ मध्ये आले. मधले सव्वा वर्ष 'रोझेटा' नावाच्या भाषांतर-यंत्रणेवर काढावे लागले. नवे, महाग यंत्र घेऊनही काम मंद, अशी ती तऱ्हा होती. २०११च्या मॅक कार्यप्रणालीतून ही रोझेटाही काढून टाकण्यात आली, आणि ज्यांनी जुनी सॉफ्टवेअर बदलली नव्हती त्यांची वाट बंद झाली. त्यामानाने २०२०च्या नोव्हेंबरातील अ‍ॅपलच्या एम१ प्रोसेसरसाठी फोटोशॉप चार महिन्यांत तयार झाले. म्हणजे मनात आणले तर लवकर होते.

मराठी ग्राहकाची अडचण याहून गुंतागुंतीची आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी अक्षरे दाखविण्यासाठी प्रत्येक कंपनीचा स्वतःचा फॉन्ट आणि स्वतःची सांकेतिक मांडणी असे. एकीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसरीकडे निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे. कळफलकावर दाबलेली कळ मधल्यामध्ये पकडून तिचे मराठी अक्षर करणारा प्रोग्राम विंडोजच्या अंतर्भागाशी जखडलेला असे. त्यावर कडी म्हणजे डोंगल, अर्थात संगणकाच्या मागे खोचायचे कुलूप. ते असल्याखेरीज सॉफ्टवेअर उघडायचे नाही. जुनी कुलपे पॅरलल पोर्टवर बसत. नव्या संगणकांना ते पोर्टच नाही. यूएसबीचे कुलूप असले तरी त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर लागतो. पैसे मोजून परवाना घेतलेला ग्राहक अशा वेळी कुलपासह हात चोळत बसतो, आणि चोरीची प्रत वापरणाऱ्याचे बिनबोभाट चालते, हा विनोद कडवट आहे.

सहकारी संस्थांच्या हिशेबांचेही तसेच. गावोगावच्या संस्थांसाठी स्थानिक प्रोग्रामरांनी फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले, डॉसवर चालणारे प्रोग्राम वर्षानुवर्षे इमानाने चालले. परंतु ६४ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत, आणि विंडोज ११ला तर ३२ बिटची आवृत्तीच नाही. प्रोग्राम लिहिणारा गृहस्थ व्यवसाय सोडून गेला असेल तर तक्रार करायची कोणाकडे?

कंपन्यांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. प्रत्येक नव्या प्रोसेसरवर जुना प्रोग्राम तपासून घेणे खर्चाचे असते, आणि मराठी टंकलेखनाची बाजारपेठ लहान आहे. पण सर्वच दिरंगाई तांत्रिक नसते. मायक्रोसॉफ्टने २०१६च्या जानेवारीत जाहीर केले, की यापुढील नवे प्रोसेसर विंडोज १०लाच साथ देतील. २०१७ मध्ये अशा प्रोसेसरांवर विंडोज ७ व ८.१ चालविणाऱ्यांचे अपडेट रोखण्यात आले. हा अडथळा दूर करणारा छोटा प्रोग्राम एका वापरकर्त्यानेच लिहून दाखविला, यावरून अडथळा यंत्रात कितपत होता ते कळते. २०२१ मधील विंडोज ११ने उलटा फासा टाकला. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर अपात्र ठरले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण आधारही संपला, आणि धडधाकट यंत्रे बदलण्याची पाळी अनेकांवर आली.

नवे यंत्र घेणाऱ्यांसमोर आता एआरएम प्रकारच्या प्रोसेसरचा पर्याय आहे. जून २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप विक्रीस आले. बॅटरी दीर्घकाळ टिकते, हे त्यांचे आकर्षण. जुने प्रोग्राम त्यांवर 'प्रिझम' या भाषांतर-यंत्रणेतून चालतात. ड्रायव्हरना मात्र ही सोय नाही, ते एआरएमसाठीच लिहिलेले असावे लागतात. सेवा केंद्रातील बोटांचे ठसे घेणारे यंत्र, जुना प्रिंटर किंवा डोंगल यांचा असा ड्रायव्हर नसेल, तर लॅपटॉप कितीही वेगवान असला तरी काम अडते.

कायद्याचा आधार किती? पाकीटबंद सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या विक्रीकर खटल्यात दिला होता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळतो. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला तो ग्राहकच मानतो. टंकलेखनाचे एकट्याचे दुकान चालविणाऱ्याला ही तरतूद उपयोगी पडावी. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते; पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही; १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारणाही करता येते. अडचण पुराव्याची. प्रोसेसर सदोष नसतो, जुने सॉफ्टवेअरही त्याच्या जागी ठीक असते; दोघांचे जमेल असे कोणी लिहून दिलेले नसते. म्हणून कोणते सॉफ्टवेअर व कोणता प्रिंटर त्यावर चालणार, हे बिलावरच लिहून घ्यावे, आणि शक्य तर आपले डोंगल व प्रिंटर दुकानात नेऊन चालवून पाहावे. नवा मजकूर युनिकोडमध्ये, विंडोजमधील इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकलिखित केल्यास कुलपाची गरजच उरत नाही. जुन्या फायलींचे रूपांतर होईपर्यंत मात्र जुना संगणक मोडीत काढू नये. तो इंटरनेटपासून तोडून कोपऱ्यात चालू ठेवावा.