गाणं ठेवायचं, गोंगाट काढायचा

आजीच्या जात्यावरच्या ओव्या, आत्याचं डोहाळ्याचं गाणं, आपल्या भजनी मंडळाचा हरिपाठ, हे सगळं आता मोबाईलमध्ये भरून ठेवता येतं. पण नंतर ऐकायला बसलं की काय होतं? पंख्याची घरघर पुढे आणि आजीचा आवाज मागे. मध्येच मोटरसायकलचा हॉर्न, कुकरची शिट्टी. मग तुम्ही आम्हाला विचारता, "ताई, हा गोंगाट काढायचं काही बटण आहे का हो?"

बटण आहे. ते काय करतं, त्याला काय जमत नाही आणि ते दाबण्याआधी आपण काय करायचं, हे आज सांगणार आहोत.

आधी हे सगळं कशासाठी, ते बघू. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचा जीव सुटला आणि जातं कोपऱ्यात गेलं. जात्याबरोबर ओवीही गप्प झाली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी गावागावांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. केवढं मोठं काम! तरी तुमच्या आजीच्या मनातली ओवी त्यात असेलच असं नाही. ती फक्त तिच्याचजवळ असू शकते. म्हणून ती नीट भरून घेणं हे आपलंच काम आहे.

आता गोंगाटाकडे वळू. त्याचे दोन प्रकार असतात. एक, सतत एकसारखा चालणारा: पंखा, फ्रिज, विजेची गुणगुण. दुसरा, अचानक येणारा: हॉर्न, खोकला, भांडं पडणं, कुत्र्याचं भुंकणं. पहिला प्रकार कॉम्प्युटरला ओळखता येतो, कारण तो बदलत नाही. दुसरा गाण्यावर येऊन बसला की जवळजवळ निघतच नाही. कारण त्या क्षणी गाणं आणि हॉर्न एकमेकांत मिसळलेले असतात. पिठात मीठ पडल्यावर ते निवडून कसं काढणार? तिथे ती ओवी पुन्हा म्हणून घेणं हाच उपाय.

म्हणून खरी सफाई रेकॉर्डिंगच्या आधी होते. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद. फ्रिजही तेवढ्यापुरता बंद करा आणि नंतर आठवणीने सुरू करा. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. पत्र्याच्या खोलीत किंवा रिकाम्या सभामंडपात आवाज घुमतो, आणि घुमलेला आवाज नंतर काढणं फार अवघड असतं. तेव्हा खाली सतरंजी अंथरा, भिंतीला दोन-चार गोधड्या लावा. आणि वेळ पहाटेची निवडा. तेव्हा रस्ता शांत असतो, आणि दळणाची वेळही तीच होती.

सगळ्यात मोठा उपाय म्हणजे अंतर. मोबाईल गाणाऱ्या बाईपासून चार फुटांवर असेल तर तो दोन फुटांवर आणा. तिचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. याला एक पैसाही लागत नाही. फार जवळ, अगदी तोंडासमोरही धरू नका. तिथे श्वासाचे फटके बसतात. थोडा बाजूला, हनुवटीच्या उंचीवर ठेवा.

जात्यावर बसून गात असतील तर मोबाईल जमिनीवर कधीच ठेवायचा नाही. जात्याची थरथर जमिनीतून थेट त्यात शिरते. शेजारी स्टूल घ्या, त्यावर टॉवेलची घडी घाला आणि मोबाईल तिच्यावर ठेवा. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये गोंगाट आपोआप कमी करण्याची सोय असेल तर ती बंद करा. ती बोलण्यासाठी बनवलेली असते. लांबवलेला सूर तिला पंख्याच्या गुणगुणीसारखा वाटू शकतो आणि ती तोच दाबून टाकते. फाइलचा प्रकार निवडता येत असेल तर वेव्ह निवडा. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका. फाटलेला आवाज कुठल्याही बटणाने पहिल्यासारखा होत नाही.

आणखी एक गोष्ट, तीही दहा सेकंदांची. सगळे जागेवर बसले, रेकॉर्डिंग सुरू झालं की दहा सेकंद कुणीही काही करायचं नाही. जातं थांबलेलं, पेटी आणि तानपुरा बंद, बोलणं बंद. ही दहा सेकंदं म्हणजे त्या खोलीच्या गोंगाटाचा नमुना. पुढे सफाईला हाच लागतो.

आता सफाई. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात आपली फाइल उघडा. ती दहा शांत सेकंदं निवडा, नॉइज रिडक्शनमध्ये जा आणि 'गेट नॉइज प्रोफाइल' म्हणा. म्हणजे आपण त्याला सांगितलं, "हा बघ गोंगाट, याला ओळखून ठेव." मग सगळं रेकॉर्डिंग निवडून पुन्हा तिथेच जा आणि आकडा ६ ठेवून ऐका. फारच गरज वाटली तर १२ पर्यंत जा. त्यापुढे गेलात की आवाजात पाण्याच्या बुडबुड्यांसारखी किणकिण येते आणि ओवीच्या शेवटी विरत जाणारा सूर कापला जातो. टाळांचा नादही मध्येच तुटतो.

जास्त काढलं की कमी, हे ओळखायची सोय तिथेच आहे. 'रेसिड्यू' हा पर्याय निवडला की काढून टाकलेलं तेवढंच ऐकू येतं. त्यात नुसती घरघर असेल तर ठीक. आजीचा आवाज ऐकू आला, तर आपण गोंगाटाबरोबर आजीलाही काढतोय. लगेच आकडा कमी करा.

विजेची गुणगुण आपल्याकडे ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटीत, म्हणजे १००, १५० वर येते. बायकांच्या गाण्याचा सूर बहुतेक वेळा १५० च्या वरच असतो. म्हणून हाय-पास फिल्टर ८० वर लावला तर खालची घुमघुम उतरते आणि गळ्याला धक्का लागत नाही. मात्र साथीला पखवाज असेल तर जपून. त्याचा डाव्या हाताचा भरदार ठोकाही तिथेच राहतो. फिल्टरने तो पोकळ होईल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गाण्याशिवाय जे जे ऐकू येतं, ते सगळं गोंगाट नसतं. जात्याची घरघर हा ओवीचा ठेका आहे. पाळीला लागणारा जोर, मध्ये घेतलेला श्वास, बांगड्यांची किणकिण, "अगं, पुढची तू म्हण" असं समोरच्या बाईला सांगणं, या सगळ्यातून कळतं की ही ओवी काम करता करता म्हटली गेली. ते पुसलं तर शब्द उरतील, पण दळण जाईल. म्हणून तर नमुना घेताना जातं थांबवायला सांगितलं. ते फिरत असताना नमुना घेतला, तर कॉम्प्युटर जात्यालाच गोंगाट समजेल.

मूळ फाइल कधीही पुसू नका. सफाई नेहमी तिच्या प्रतीवर करा. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि तिच्या नावात गाणारीचं नाव, गाव आणि तारीख घाला. आज जे निघत नाही ते उद्याच्या सॉफ्टवेअरने निघू शकेल, पण त्यासाठी मूळ हातात पाहिजे. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आवाजाचा दर्जा उतरू शकतो. आणि हो, रेकॉर्डिंग करण्याआधी, तसंच ते कुणाला पाठवण्याआधी, गाणाऱ्या बाईला विचारा. ओवी तिची आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एक दिवस पहाटे पंखा बंद करा, स्टुलावर टॉवेलची घडी ठेवा आणि घरातल्या थोरल्या बाईला म्हणा, "आजी, एक ओवी म्हणता का?" झालेलं रेकॉर्डिंग घेऊन केंद्रावर या. सफाई आपण मिळून करू.