आधी वाट, मग वारा, मग सोफा!

अर्धापूर असो की नांदेडकडचं कुठलंही गाव, जुन्या माळवदाच्या घरात ढाळज, म्हणजे दारालगतची बसायची जागा, असायची. माणसं भिंतीकडेने बसायची, मधली वाट मोकळी राहायची. मंडळी, आजच्या १० बाय १२ च्या हॉललाही हेच सूत्र लावा.

✅ वाट: दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अडीच-तीन फूट मोकळी ठेवा. सोफा आणि टीपॉयमध्ये दीड फूट पुरतं.

✅ ऊन: पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्रीपर्यंत धग सोडते. दिवाण तिला टेकवू नका, तिथे कपाट लावा.

✅ कूलर: खिडकीत बसवा, समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. दमट हवा बाहेर पडली नाही तर खोली चिकचिकते. झोतासमोर सोफ्याची उंच पाठ नको.

✅ टीव्ही: ४३ इंचीसाठी साडेपाच-सहा फूट अंतर ठेवा. खिडकीसमोर लावू नका, स्क्रीन चकाकते.

✅ महालक्ष्म्या: भाद्रपदात आरास याच खोलीत होते. म्हणून एका बाजूला सहज उचलता येईल असंच सामान ठेवा.

सोफा सरकवण्याआधी खडूने फरशीवर आखून बघा. फरशी २ बाय २ फुटांची असेल तर मोजमाप आयतंच मिळतं. करून बघा, तीच खोली मोठी वाटेल!