टीडीएस बघितला, पण पाणी तपासलं का?

हॉस्टेल असो की पीजी, हा सीन तुम्ही पाहिला असेलच. कुणीतरी पेनसारखं टीडीएस मीटर ग्लासात बुडवतं, २५० आकडा येतो आणि निकाल जाहीर होतो, 'पाणी एकदम ओके!'

पण हे मीटर सांगतं काय? पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज. कोणता क्षार किती, हे नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस चांगला. फ्लोराइडची मर्यादा मात्र फक्त १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर दीड. नायट्रेटची ४५. त्या २५० मध्ये ४ मिलिग्रॅम फ्लोराइड असलं, तरी मीटरला पत्ता लागणार नाही.

आणि आपल्यालाही! कारण त्याला ना रंग, ना वास. फ्लोराइड खडकातून बोअरच्या पाण्यात उतरतं. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतली अनेक गावं हा त्रास भोगतायत. आधी मुलांच्या दातांवर डाग, पुढे सांधे आखडणं. नायट्रेट झिरपतं ते खतं, शेण आणि सांडपाण्यातून. त्याचा सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळांना; रक्तातून ऑक्सिजन वाहून नेण्यात अडथळा येतो. बरं, पाणी उकळूनही फायदा नाही. जंतू मरतात, ही रसायनं तशीच राहतात.

मग करायचं काय? सुट्टीत घरी जाताय ना, तेव्हा हे करा:

• आधी ग्रामपंचायतीत विचारा. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायचं किट आणि ते वापरण्याचं प्रशिक्षण गावातल्या पाच महिलांना देण्याची तरतूद आहे.

• पक्का आकडा हवा असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करा.

• नमुन्यासाठी प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्या. बोअर काही मिनिटं चालू ठेवा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा.

• जागा, तारीख, वेळ लिहा आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा.

• 'फ्लोराइड आणि नायट्रेट तपासा' असं स्पष्ट सांगा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी लागते.

रिपोर्ट आला की फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. आकडा मर्यादेबाहेर असेल, तर तो कागद ग्रामसभेत ठेवा. त्याच बोअरचं पाणी शेजारचं बाळही पितंय.