बास माशाच्या मागावर

गळ टाकून मासे धरणें म्हणजे काठी पाण्यावर धरून तासन् तास स्वस्थ बसणें, अशी पुष्कळांची समजूत असते. तलावाच्या कांठीं बांबूच्या काठीला दोरा बांधून आणि गळाला गांडूळ टोचून बसलेला मनुष्य पाहिला म्हणजे ती समजूत अधिकच दृढ होते. परंतु अमेरिकेच्या दक्षिण भागांत, जॉर्जिया, अलाबामा, टेक्सस इत्यादि राज्यांतून, सुटीच्या दिवशीं पहांटे नाव घेऊन निघणारा बास माशाचा शौकीन क्षणभरहि स्वस्थ नसतो. दिवसभरांत तो शेंकडों वेळां आमिष फेंकतो, वाऱ्याची दिशा पाहतो, पाण्याची उष्णता मोजतो, आणि संध्याकाळीं बहुधा रिकाम्या हातानें घरीं येतो. मासे त्याला मिळालेले असतात. पण ते त्यानें जिवंतच परत पाण्यांत सोडलेले असतात. इतके श्रम करून धरलेली वस्तु सोडून द्यावयाची, हा व्यवहार पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. त्यामागें काय विचार आहे, आणि तो सर्वत्र लागू पडतो कीं काय, हें समजण्यासाठीं प्रथम या माशाची ओळख करून घेतली पाहिजे.

त्याचें पूर्ण नांव मोठ्या तोंडाचा बास असें आहे. युरोपच्या किनाऱ्यावर समुद्रांत मिळणाऱ्या बासाशीं त्याचें जवळचें नातें नाहीं. तो उत्तर अमेरिकेंतील गोड्या पाण्यांत राहणाऱ्या सनफिश कुळांतला आहे. पाठ हिरवट, पोट पांढुरकें, आणि बाजूनें शेपटीपर्यंत गेलेला काळसर पट्टा, हें त्याचें रूप. तोंड मिटलेलें असतांहि त्याच्या जबड्याचा कोपरा डोळ्याच्या मागें गेलेला दिसतो. लहान तोंडाचा बास म्हणून त्याचा एक भाऊबंद आहे, त्याचा जबडा डोळ्याच्या खालींच थांबतो. या दोघांच्या शास्त्रीय नांवाची हकीकत मोठी गमतीची आहे. १८०२ मध्यें लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञापुढें जो नमुना आला, त्याच्या पाठीवरचा पर मोडलेला होता. मोडून सुटा पडलेला भाग हा वेगळाच एक लहान पर आहे असें समजून त्यानें ‘मायक्रोप्टेरस’, म्हणजे लहान पराचा, असें नांव ठेविलें. आणि तें आजतागायत चालू आहे.

बास हा दबा धरून शिकार करणारा मासा आहे. बुडालेल्या झाडाचें खोड, पाणगवताची कड, धक्क्याच्या खांबाची सावली अशा आडोशाला तो निश्चल राहतो. लहान मासा किंवा बेडूक आटोक्यांत आला कीं तो एकदम तोंड उघडतो, आणि आंत शिरणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्यहि आंत ओढलें जातें. तोंडांत आलेली वस्तु खाण्याजोगी नाहीं असें कळतांच ती तो तितक्याच चपळाईनें थुंकून टाकतो. आमिष कोठें टाकावें हें पहिल्या संवयीवरून ठरतें, आणि हात किती सावध ठेवावा हें दुसरीवरून. नवशिका मनुष्य मोकळ्या पाण्याच्या मध्यभागीं जितकें लांब जाईल तितकें आमिष फेंकतो आणि नशिबाला दोष देतो. जाणता मनुष्य आधीं सावली शोधतो, नाव दूर उभी करतो, आणि आडोशाच्या कडेला, फारसा आवाज न होऊं देतां, आमिष उतरवितो.

बासाची जागा ऋतूप्रमाणें बदलते. माशाच्या शरीराची उष्णता भोंवतालच्या पाण्याप्रमाणें कमीजास्त होत असल्यामुळें हिवाळ्यांत त्याची भूक मंदावते. अशा वेळीं आमिष तळाजवळून अगदीं सावकाश सरकवावें लागतें. वसंतांत पाणी उबदार होऊं लागलें म्हणजे तो उथळ कांठाकडे येतो. भर उन्हाळ्यांत मोठ्या तलावांतील पाण्याचे थर पडतात. वर ऊन पाणी आणि तळाशीं थंड पाणी, असा प्रकार होतो. त्या तळच्या थरांत पुष्कळदां प्राणवायु फार थोडा उरतो, म्हणून अगदीं खोल जाऊनहि माशाचें भागत नाहीं. तो पहांटे व तिन्हीसांजेला कांठाशीं येतो आणि दुपारीं मधल्या खोलीवर एखाद्या बुडालेल्या टेंकाडाचा आश्रय घेतो. शरद ऋतूंत शॅड नांवाचे लहान रुपेरी मासे तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांकडे सरकतात, आणि बास त्यांच्या मागोमाग जातो. जो शौकीन प्रत्येक खेपेस तारीख, पाण्याची उष्णता, वारा आणि मासा मिळाल्याची जागा एका वहींत टिपून ठेवतो, त्याला दोन-तीन वर्षांत ती वहीच उत्तम वाटाड्या होते.

आमिषांचे प्रकार असंख्य आहेत. परंतु नवशिक्यानें एका आमिषावर हात बसवावयाचा असेल तर तें मऊ प्लॅस्टिकचें गांडूळ होय. १९४९ मध्यें ओहायओ राज्यांतील अ‍ॅक्रन येथें राहणाऱ्या निक क्रीम यानें तें तयार केलें, आणि पुढें या खेळाचें रूपच पालटून गेलें. गळाचें टोंक या गांडुळाच्या अंगांत परत खुपसून झांकून टाकतां येतें. त्यामुळें गवतांतून किंवा फांद्यांतून तें ओढलें तरी अडकत नाहीं. मासा चावला म्हणजे मात्र टोंक बाहेर येतें. तें तळापर्यंत बुडूं द्यावें, काठी थोडी उचलून सरकवावें, आणि पुन्हा बुडूं द्यावें. पुष्कळदां मासा बुडत्या आमिषालाच तोंड घालतो, आणि हाताला कांहींच जाणवत नाहीं. म्हणून नजर दोऱ्यावर ठेवावी. दोरा बाजूला सरकला, किंवा तळ लागण्यापूर्वींच बुडावयाचा थांबला, तर मासा लागला असें समजून दोऱ्याची ढील गुंडाळावी आणि मग झटका द्यावा.

मोठे मासे सुटून जातात ते बहुधा क्षुल्लक कारणांनीं. गांठ आंवळण्यापूर्वीं ती ओली करावी; कोरडा दोरा घासून तापतो व तेथेंच तुटतो. दोऱ्याचे शेवटचे तीन-चार फूट अधूनमधून बोटांतून फिरवून पाहावे, आणि खरखर लागल्यास तेवढा भाग कापून टाकावा. गळाचें टोंक नखावर घासून पाहावें. तें घसरलें तर बोथट झालें. नावेंत मात्र माशापेक्षां जिवाची काळजी अगोदर घ्यावी. तरंगण्याचें जाकीट अंगांत असावें, आणि यंत्र बंद करणारी दोरी चालविणाऱ्याच्या अंगाला जोडलेली असावी, म्हणजे तो पाण्यांत पडल्यास यंत्र आपोआप थांबतें.

आतां मासा सोडण्याचा प्रश्न. वसंतांत पाणी सुमारें ६० ते ७० अंश फारेनहाइटपर्यंत तापलें म्हणजे नर बास कांठाजवळ शेपटीनें तळ झाडून एक वाटोळा खळगा तयार करतो. मादी त्यांत अंडीं घालून निघून जाते. त्यापुढें अंडीं फुटून पिल्लें हिंडूंफिरूं लागेपर्यंत नर तेथून हालत नाहीं. घरट्याजवळ कांहींहि आलें कीं तो त्यावर धांवून जातो. म्हणून या दिवसांत त्याला धरणें फार सोपें असतें. परंतु त्याला थोडा वेळ जरी उचलून नेलें, तरी टपून बसलेले लहान सनफिश तीं अंडीं खाऊन टाकतात. समंजस शौकीन अशा नराला एक तर त्रास देत नाहीं, किंवा धरल्यास तेथल्या तेथेंच तत्काळ सोडतो.

पूर्वीं ही दृष्टि नव्हती. २ जून १९३२ रोजीं जॉर्जियांतील जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्यानें माँटगोमेरी तळ्यांत २२ पौंड ४ औंस वजनाचा बास धरला. तो जागतिक विक्रम ठरला. पण ते मंदीचे दिवस होते, आणि तो मासा घरच्या मंडळींनीं खाल्ला. त्यांत कांहीं वावगें झालें असें कोणी म्हणणार नाहीं. पुढें धरणें बांधलीं गेलीं, जलद नावा आल्या, आणि हौशी लोकांची संख्या पुष्कळ वाढली. १९६७ मध्यें अलाबामांतील रे स्कॉट यानें आर्कान्सामधील बीव्हर तलावावर मोठी स्पर्धा भरविली. अशा स्पर्धांत मासे मरूं लागले तर तलाव किती दिवस पुरणार, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. १९७२ पासून त्यानें धरलेले मासे जिवंत सोडण्याचा पुरस्कार केला, आणि हवा खेळविलेल्या पाण्याच्या टांक्या नावांतून बसूं लागल्या. टेक्ससमध्यें १९८६ पासून असामान्य वजनाच्या माद्या शौकिनांकडून पैदाशीसाठीं घेण्याची सरकारी योजना सुरू झाली.

नुसतें सोडलें म्हणजे मासा जगतो असें मात्र नाहीं. त्याला हात लावण्यापूर्वीं हात ओले करावे. कोरड्या हातानें अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि रोगाला वाट मिळते. खालचा ओंठ अंगठ्यानें व बोटानें धरावा, आणि जड मासा आडवा उचलतांना दुसऱ्या हातानें पोटाला आधार द्यावा, नाहींतर सारा भार जबड्यावर पडतो. कल्ल्यांत बोटें घालूं नयेत. तापलेल्या फळीवर त्याला ठेवूं नये. गळ खोल गेला असून हलक्या हातानें निघत नसेल, तर ओढाताण न करतां दोरा गळाजवळ कापावा. माशाला बाहेर काढतांना उचलणाऱ्यानें स्वतःचा श्वास रोखून धरावा. तो कोंडूं लागला कीं मासा पाण्यांत गेला पाहिजे. एवढी साधी खूण लक्षांत ठेविली तर छायाचित्राच्या हौसेपायीं मासा गुदमरत नाहीं.

तथापि सोडणें हें सर्वत्र पुण्यकर्म ठरत नाहीं. १९२५ मध्यें हा मासा मुद्दाम जपानांत नेऊन आशी सरोवरांत सोडण्यांत आला. तेथून तो देशांत पसरला आणि बिवा या प्राचीन सरोवरांतहि शिरला. तेथील लहान माशांवर त्याची धाड पडली, आणि कोळ्यांचा धंदा अडचणींत आला. म्हणून शिगा प्रांतांत २००३ पासून बिवा सरोवरांत धरलेला बास परत सोडण्यास मनाई करण्यांत आली. २००५ मध्यें तो देशभर उपद्रवी परका प्राणी म्हणून जाहीर झाला. याच सरोवरांत २ जुलै २००९ रोजीं मानाबु कुरिता यानें पेरीच्या माशाहून किंचित् जड बास धरला. नवा विक्रम होण्यास निदान दोन औंसांचें आधिक्य लागतें, तें नसल्यामुळें दोघांचीं नांवें बरोबरीनें नोंदलीं गेलीं. एकच मासा जॉर्जियांत सोडणें योग्य आणि बिवा सरोवरांत सोडणें गुन्हा, याचें कारण माशांत नसून पाण्यांत आहे.

ही गोष्ट महाराष्ट्रालाहि परकी नाहीं. १९५२ मध्यें भारतांत आणलेला तिलापिया आज येथील नद्यांतून व तलावांतून सर्रास आढळतो. ज्यांनीं आयुष्यांत गळ हातीं धरला नाहीं, त्यांच्याहि घरीं पुष्कळदां कांचेच्या टांकींत शोभेचे मासे असतात. ते मोठे झाले, किंवा मुलांचें मन त्यांवरून उडालें, म्हणजे दयाबुद्धीनें त्यांना जवळच्या तळ्यांत नेऊन सोडण्याचा मोह होतो. असे मासे विकणाऱ्याकडे परत द्यावे, किंवा दुसऱ्या शौकिनाच्या स्वाधीन करावे. कोणता मासा कोणत्या पाण्यांतला, हें पाहिल्यावांचून त्याला सोडण्यांत दया होत नाहीं. आणि बासाचा जाणता शौकीन पहिल्या दिवसापासून जें शिकत असतो तें हेंच.